शारजातला बारा दिवसांचा वॉर्ड

मिरजेला परतून तीन आठवडे झाले. मंडईत, बँकेत, जिन्यात, भेटेल तो एकच विचारतो, "काय बाई, दुबई कशी आहे?" मी "छान आहे" म्हणते आणि पिशवी या हातातून त्या हातात घेते. दुबई मी एकच दिवस पाहिली, तीही गाडीच्या काचेतून, आणि त्या दिवशी माझे डोळे रस्त्यापेक्षा घड्याळावर जास्त होते. बाकीचे दिवस मी शारजात चौथ्या मजल्यावरच्या एका घरात एका सतरा वर्षांच्या मुलीच्या हात धुऊन मागे लागले होते, आणि तिलाही दिवसातून वीस वेळा हात धुवायला लावत होते. तिथे काय झालं ते जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी एकतीस वर्षं नर्सिंगमध्ये काढली. आधी वॉर्डात सिस्टर, मग कॉलेजात सिस्टर ट्यूटर, आणि माझ्या पाठीमागे मुलींच्या भाषेत 'फौजदार'. माझी धाकटी बहीण वंदना लग्न होऊन दुबईला गेली आणि पुढे शारजात स्थिरावली. दिवाळी संपता संपता तिचा फोन आला. तिच्या मुलीला, ऋताला, शाळेने आरोग्यसेवा कौशल्याच्या आंतरशालेय स्पर्धेसाठी निवडलं होतं. रक्तदाब मोजणं, पेशंटला खाटेवरून व्हीलचेअरवर घेणं, जखमेचं ड्रेसिंग करणं, अशा दहा गोष्टींतून तीन चिठ्ठ्या उचलायच्या आणि परीक्षकांसमोर करून दाखवायच्या. शाळेतल्या जीवशास्त्राच्या बाई मायाळू होत्या, पण त्यांनी आयुष्यात कुणाला बँडेज बांधलेलं नव्हतं. त्या व्हिडिओ लावून शिकवत होत्या. "ताई, तू ये," वंदना म्हणाली, "नाहीतर काही खरं नाही."

खरं काय होतं ते तिने मग हळू आवाजात सांगितलं. ऋताला नर्स व्हायचं होतं आणि तिच्या वडिलांना, शिरीषरावांना, तिला कॉम्प्युटर इंजिनिअर करायचं होतं. दोन महिने घरात धुसफूस चालली होती. शेवटी शिरीषरावांनी तोड काढली. स्पर्धेत पहिल्या तिघांत आलीस तर तिथल्या नर्सिंग कॉलेजच्या फॉर्मवर मी सही करतो, नाही आलीस तर हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. ऋताला अठरा पूर्ण नव्हती, त्यामुळे वडिलांच्या सहीशिवाय फॉर्म जात नव्हता. फॉर्मची शेवटची तारीख स्पर्धेनंतरचा रविवार होता. हे ऐकल्यावर मी पासपोर्ट शोधायला घेतला.

विमानतळ

पहिला घोटाळा मी उतरण्याआधीच केला. वंदनाने तीनदा बजावलं होतं की काहीही आण पण खसखस आणू नकोस, त्या देशात ती चालत नाही, माणसाला आत टाकतात. मी खसखस घेतली नव्हती. पण विमान समुद्रावर आल्यावर मला आठवलं की शेजारच्या काकूंनी दिलेल्या कांदा-लसूण मसाल्यात त्या हटकून मूठभर खसखस भाजून घालतात. पुढचा पाऊण तास मी बॅगेतलं सामान मनातल्या मनात उपसत होते. पट्ट्यावरून बॅग आली तशी ती ओढत मी बाथरूममध्ये गेले आणि अख्खी पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली. झाकण लावलं तरी वास लपेना. बाहेर हात धुणाऱ्या एका सुदानी बाईने शिंकून माझ्याकडे पाहिलं. मी पण शिंकले, आणि दोघी बाहेर पडलो.

बाहेर तिघंही न्यायला आले होते. वंदना गळ्यात पडली, शिरीषरावांनी वाकून नमस्कार केला आणि बॅग घेतली. ऋता उंच झाली होती. वंदना तिच्याशी मराठीत बोलायची आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची, मधे 'यल्ला', म्हणजे 'चला', आणि 'खलास' टाकत. पण गाडीत बसताना तिचा बूट माझ्या पायाला लागला, तर तिने पटकन वाकून माझ्या पायाला हात लावला आणि तो छातीशी नेला. वंदनाने माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं की मला हसू आलं. भाषा हातची गेली असेल, पण हे तरी मी टिकवलं, असं तिला म्हणायचं होतं. मलाही ते फार गोड वाटलं. चार दिवसांनी याच गोष्टीवरून मी डोकं धरून बसणार होते.

चौथा मजला

दुसऱ्या दिवसापासून हॉलचा वॉर्ड केला. दिवाण ही खाट, टीपॉय हा ट्रे, वंदना हा पेशंट. शारजात शुक्रवार, शनिवार, रविवार अशी तीन दिवस सुटी असते, हे मला फार आवडलं. बाकीच्या दिवशी ऋता शाळेतून आली की खाऊन लगेच उभी राहायची.

पहिली ठिणगी माझ्यात आणि तिच्यातच पडली. आमच्याकडे वॉर्डात शिरलं की "चला आजोबा, हात द्या बघू" म्हणायचं आणि कामाला लागायचं. इथल्या स्पर्धेत ऋताच्या हातात छापील यादी होती आणि त्यात पहिल्या पाच ओळी पेशंटला हात लावण्याआधीच्या होत्या. नाव सांगा, पेशंटचं नाव विचारून मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहा, काय करणार ते सांगा, करू का विचारा, पडदा ओढा. मी म्हटलं, एका बाईला चाळीस पेशंट असले म्हणजे कुणाला काही विचारायला वेळ नसतो. ऋता शांतपणे म्हणाली, "पण मावशी, इथे एकच पेशंट आहे ना." मी पाचही ओळी पाठ केल्या, आणि मग तिच्याकडून इतक्या घोटून घेतल्या की वंदना झोपेतही स्वतःचं नाव आणि जन्मतारीख सांगायला लागली.

मुलगी चांगली होती. हे मी सहजासहजी म्हणत नाही. तिचा हात हलका होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती काम करताना पेशंटच्या तोंडाकडे पाहायची. हे शिकवून येत नाही. रक्तदाब दोन दिवसांत बसला. पेशंटला उठवताना कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून वाकायचं, हे तिसऱ्या दिवशी जमलं. अडलं ते ड्रेसिंगवर.

वंदनाच्या नडगीवर आम्ही लिपस्टिकची जखम काढायचो. पाय स्टुलावर. ऋता निर्जंतुक हातमोजे घालायची, आणि ते एकदा घातले की ट्रेमधल्या वस्तू आणि जखम सोडून कशालाही हात लागता कामा नये. लागला तर हात बाटला, हातमोजे बदलायचे. तिने मोजे छान घातले, ट्रेकडून पायाकडे वळली आणि तिचा पाय वंदनाच्या खाली टेकलेल्या दुसऱ्या पायाला लागला. मोजे घातलेला हात खाली गेला, आईच्या पायाला लागला आणि छातीशी आला.

"खलास," मी म्हटलं. हा शब्द मी तिच्याकडूनच उचलला होता.

ती गोंधळून बघत राहिली. आपण काय केलं ते तिला कळलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी हात अर्ध्यावर थांबला, पण त्या नादात चिमटा खाली पडला. आता हे कुणाला सांगणार? व्हिडिओतल्या गोऱ्या बाईचा पाय लागला तर ती फार तर "सॉरी" म्हणेल. आपल्या मुलीचा हात तिच्या डोक्याला न विचारता खाली जातो.

मग ही सवय मोडायचा सपाटा सुरू झाला. ऋताने घरात हातमोजे घालून फिरायचं आणि मी आणि वंदनाने वाटेत पाय घालायचे. स्वयंपाकघराच्या दारात, सोफ्यापाशी, दिवाणाच्या कोपऱ्यात. लागला पाय की तोंडाने सॉरी म्हणायचं, हात वरच ठेवायचे. आयुष्यभर मुलींना चांगल्या सवयी लावल्या आणि आता एका चांगल्या सवयीच्या मुळावर उठले होते. वंदना पाय घालायची, पण तोंड पाडून. एकदा पोळ्या लाटताना ती म्हणालीच, "सतरा वर्षांत मी एवढं एक लावलं होतं ग तिला." मी म्हटलं, स्पर्धा झाली की परत लाव. दोघींनाही माहीत होतं की हे काही बटण नाही.

सातव्या दिवशी दहापैकी नऊ वेळा हात वर राहिला. दहावी वेळ मला रात्री आठवत राहायची.

औद्योगिक क्षेत्र

खुर्चीवर सराव करून व्हीलचेअर येत नाही. तिला ब्रेक असतात, पाय ठेवायच्या फळ्या असतात आणि त्या नेमक्या नडगीला लागतात. शाळेतली व्हीलचेअर घरी मिळेना. तेव्हा शिरीषराव म्हणाले की त्यांच्या कारखान्याजवळ एका खानाच्या वर्कशॉपमध्ये एक पडलेली आहे.

शिरीषरावांबद्दल सांगायला हवं. ते पाइपांचे जोड बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहेत. माणूस सज्जन, कमी बोलणारा. संध्याकाळी दीड तासाचा ट्रॅफिक जाम सोसून घरी यायचे आणि हॉलभर पसरलेल्या वॉर्डातून वाट काढत आत जायचे. एकदाही चिडले नाहीत, एकदाही थांबून पाहिलं नाही. मी विषय काढला तेव्हा म्हणाले, "ताई, प्रॅक्टिकली बोलतो, राग मानू नका. तुमचा काळ वेगळा होता. हिने लोकांची शौचाची भांडी उचलावीत म्हणून मी इथे वीस वर्षं काढली नाहीत." मी राग मानला. त्या दिवशी त्यांना वरण वाढताना माझा हात जरा जोरात आपटला.

शनिवारी त्यांनी आम्हा मावशी-भाचीला तिकडे नेलं. मैलोन् मैल गॅरेज, गोदामं, पत्र्याच्या शेड, आणि सगळीकडे तेलाचा नि वेल्डिंगचा वास. रस्त्यावर माणसं अशी की एका चौकात मी पाच भाषा मोजल्या. मला कुपवाडच्या एमआयडीसीची आठवण झाली, फक्त इथे झाड नाही आणि चहाच्या टपरीवर बोलतात मल्याळम. खानसाहेब साठीचे, दाढी मेंदीने लाल केलेली. त्यांनी आधी आम्हाला बसवलं, कागदी कपात दाट, वेलचीचा करक चहा पाजला, मग तव्यावरून आलेला गरम पराठा पुढे केला आणि मगच व्हीलचेअर दाखवली. ती त्यांची स्वतःची होती. दोन वर्षांपूर्वी पाय भाजला होता, तीन महिने हॉस्पिटलात काढले होते.

ऋताने तिथेच त्यांना विचारलं की तुम्हाला बसवून पाहू का. ते हसत बसले. तिने नाव सांगितलं, त्यांचं नाव विचारलं, काय करणार ते मोडक्या हिंदीत समजावलं, ब्रेक लावले आणि त्यांना बाकावरून व्हीलचेअरवर घेतलं. नव्वद किलोचा माणूस अलगद आला.

"बच्ची डॉक्टर बनेगी?" त्यांनी शिरीषरावांना विचारलं.

शिरीषरावांनी उत्तर द्यायच्या आत ऋता म्हणाली, "नर्स."

"अच्छा है," खान म्हणाले. "डॉक्टर तो मेरे पास दिन में एक बार आता था. दर्द दिन भर रहता था."

शिरीषरावांनी घड्याळ पाहिलं आणि निघू या म्हणाले. व्हीलचेअर गाडीत घालताना त्यांनी ती एकट्यानेच उचलली आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, खानाने आमचं काम केलं. ऋताला तसं वाटलं नाही. ती मला हळूच म्हणाली की बाबा असे गप्प होतात तेव्हा त्यांचं मत आणखी पक्कं होत असतं.

गुरुवार, दुबई

स्पर्धा दुबईतल्या एका कॉलेजात, सकाळी आठला हजेरी. शिरीषरावांनी रजा काढली होती. साडेपाचला निघालो तरी शारजाची हद्द ओलांडायच्या आत गाड्या थांबल्या. पुढे तांबडे दिवे, मागे पांढरे दिवे. ऋता मागच्या सीटवर ओठ हलवत पाच ओळी म्हणत होती. वंदनाने वाटेसाठी थालीपीठं घेतली होती, त्यांना कोणी हात लावला नाही. इंटरनॅशनल सिटीच्या इमारती दिसल्या तेव्हा वंदना म्हणाली की लग्नानंतर ती दोघं तिथे एका खोलीत राहायची, स्वयंपाकघर तीन कुटुंबांत एक होतं. ती हे मला सांगत होती की स्वतःला धीर देत होती, कळलं नाही. आठला सात मिनिटं कमी असताना आम्ही फाटकातून आत पळालो. शिरीषराव गाडी लावायला गेले.

हॉलमध्ये सहा खाटा होत्या आणि वर बाल्कनीत आम्ही पालक. प्रत्येक खाटेपाशी एक स्वयंसेवक पेशंट म्हणून आणि दोन परीक्षक. ऋताचा पेशंट कॉलेजातलाच कोणी केस पिकलेला, भारदस्त गृहस्थ होता. त्याच्या नडगीवर रंगवलेली जखम आमच्या लिपस्टिकपेक्षा फार बरी होती. ऋताने चिठ्ठ्या उचलल्या. रक्तदाब, व्हीलचेअर, ड्रेसिंग. वंदनाने माझा हात धरला. वेळ बारा मिनिटांची. नियम माझ्या पाठ होते. चूक लक्षात आली तर सांगून सुधारता येते, पण वेळ वाढवून मिळत नाही, आणि घंटेच्या आत जे पुरं होणार नाही त्याचे गुण शून्य.

पहिली दोन कामं तिने अशी केली की माझ्या एकतीस वर्षांत इतक्या लहान मुलीकडून मी ती पाहिली नव्हती. शेजारच्या खाटेवरचा मुलगा पेशंटचं नाव विचारायला विसरला. पलीकडच्या मुलीने ब्रेक लावले नाहीत. मी मनातल्या मनात नंबर लावत होते आणि ऋता पहिल्या दोघांत होती. घड्याळात पावणेचार मिनिटं उरली होती आणि ड्रेसिंगला तीन लागतात.

तिने हात स्वच्छ केले, निर्जंतुक हातमोजे घातले, ट्रेकडून वळली. घरी आम्ही स्टूल डावीकडे ठेवायचो. इथे ते उजवीकडे होतं आणि व्हीलचेअरची फळी बाहेर आलेली होती. तिचा बूट त्या गृहस्थांच्या बुटावर पडला. तिचा हात खाली गेला, त्यांच्या बुटाला लागला आणि छातीपाशी आला. सगळं एका श्वासात.

वंदनाची नखं माझ्या मनगटात रुतली. मी परीक्षकांकडे पाहिलं. एक बाई मान खाली घालून लिहीत होत्या. दुसरे परीक्षक ऋताच्या मागे उभे होते, त्यांना तिची पाठच दिसत असणार. कोणी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते मी इथे लिहिणार आहे, कारण नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. माझ्या मनात आलं: पुढे चल. कोणी पाहिलं नाही, पोरी, पुढे चल.

ऋता थांबली. तिने दोन्ही हात वर धरले.

"माझा हात त्यांच्या बुटाला लागला," ती परीक्षकांना इंग्रजीत म्हणाली. "ग्लव्ह्ज बाटले आहेत. मी बदलते आहे." मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाली, "सॉरी सर, तुम्हाला थोडं थांबावं लागेल."

लिहिणाऱ्या बाईंनी मान वर केली. ऋताने मोजे काढले, टाकले, हात पुन्हा स्वच्छ केले, नवं पाकीट उघडलं. घाई केली नाही. घाई केली तर दुसरा मोजाही बाटतो, हे मीच शिकवलं होतं. जखम पुसली, कापसाची घडी ठेवली, बँडेजचे वेढे सुरू केले. दोन वेढे आणि शेवटची पट्टी राहिली असताना घंटा झाली.

निकाल दुपारी लागला. तिसऱ्या नंबरासाठी दिल्लीकडच्या कुठल्याशा मुलाचं नाव पुकारलं तेव्हा वंदना उठून बाहेर गेली. ऋता पाचवी होती.

परतीचा रस्ता

चारच्या सुमाराला निघालो आणि लगेचच शारजाकडे जाणाऱ्या गर्दीत अडकलो. मी पुढे शिरीषरावांशेजारी, त्या दोघी मागे. गाडी माणसाच्या चालीने जात होती. वंदना खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. ऋता रडत नव्हती, नुसती बसून होती. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं. स्टूल दोन्ही बाजूंना ठेवून सराव करून घ्यायला हवा होता, हे साधं मला सुचलं नव्हतं. ती हरली ते माझ्यामुळे, असं मला वाटत होतं, आणि ते काही प्रमाणात खरं आहे.

खूप वेळाने शिरीषराव बोलले. ते गाडी लावून उशिरा आले होते आणि बाल्कनीच्या दारातून त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"ऋता, तू मध्येच थांबलीस ते कोणी पाहिलं होतं का?"

"नो, बाबा."

"न बोलता पुढे गेली असतीस तर?"

"आय थिंक सेकंड आले असते."

"मग?"

ती म्हणाली, "त्यांना जखम होती, बाबा."

"रंगाची होती ती."

"आय नो. पण तेव्हा मला तशी दिसत नव्हती."

पुढची गाडी हलली, आम्ही हललो, पुन्हा थांबलो. शिरीषरावांनी माझ्याकडे पाहिलं. "ताई, मला एक सांगा. हे स्पर्धेपुरतं झालं. खऱ्या वॉर्डात, घाईत, असं कोणी करतं का? तुम्ही एवढी वर्षं काढलीत. तुम्ही केलं असतंत?"

तिघंही माझ्या उत्तराची वाट पाहत होते. हो म्हटलं असतं तर ते ऋताच्या कामाला आलं असतं. वंदनाची तर खात्रीच असणार की मी हो म्हणणार. मी तोंड उघडलं आणि भलतंच बोलले.

"मी केलं नव्हतं," मी म्हटलं.

मग सांगितलं. सव्वीस वर्षं झाली. मी वॉर्डात सिस्टर होते. पोटाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईचं ड्रेसिंग करत होते. माझा हात खाटेच्या कठड्याला लागला. तेव्हा हातमोजे धुऊन, वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा वापरायचे, आणि डब्यात तो शेवटचा जोड होता. दुसरा आणायचा तर खालच्या मजल्यावर जायला हवं होतं आणि मोठ्या डॉक्टरांचा राउंड दारात आला होता. कोणी पाहिलं नव्हतं. मी ड्रेसिंग पुरं केलं. चौथ्या दिवशी तिला ताप भरला, टाक्यांतून पू आला, तीन आठवडे ती खाटेवर राहिली. ते माझ्यामुळेच झालं असं कोणी म्हणू शकणार नाही. माझ्यामुळे झालं नाही, असं मी म्हणू शकत नाही. मी रोज तिचं ड्रेसिंग केलं, घरून पेज करून नेली. घरी जायच्या दिवशी तिने माझ्या हातात नारळ ठेवला आणि माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.

हे मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, वंदनाला नाही. शिकवताना शेकडो मुलींना हातमोज्यांचा धडा दिला, पण ही गोष्ट गाळून दिला. मला रडू आलं आणि माझीच लाज वाटली.

मागून ऋताने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

"हौसाबाई," मी म्हटलं. सव्वीस वर्षांत ते नाव मी पहिल्यांदा तोंडाने उच्चारलं.

वंदनाने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. डाव्या बाजूने एक बस गेली, दिवसभराचं काम करून आलेली माणसं काचेला डोकं टेकून झोपलेली. मी रुमाल शोधत होते. शिरीषरावांनी समोरच्या कप्प्यातून कागदी रुमालांचा डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला.

"तो फॉर्म किती पानांचा आहे?" त्यांनी आरशात न पाहता विचारलं.

"सिक्स," ऋता म्हणाली.

"घरी गेल्यावर काढ. मी सही कुठे कुठे करायची ते दाखव."

मागून ऋता मराठीत, एकेक शब्द सावकाश म्हणाली, "बाबा, पण मी पाचवी आले."

"माहीत आहे मला," शिरीषराव म्हणाले. "मी तिथेच होतो."